चालत्या माशाची साक्ष

मामा,

तुमच्या दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. दुधनेच्या काठी अर्धं गाव उभं, ऊन चढलेलं, आणि समोरच्या बाभळीवर कावळे असे निवांत बसलेले की जणू त्यांना कुणी आवतणच दिलं नव्हतं. रंगनाथानं, तुमच्या लेकानं, हात जोडले. "दादा, आईला अंतर देणार न्हाई." कावळे ढिम्म. "दादा, वरचं रान पडीक ठेवणार न्हाई." एका कावळ्यानं पंखाखाली चोच घालून खाजवलं. भटजी दर्भाचा कावळा वळायला बसले. तेव्हा गिरणीवाले दगडूनाना गर्दीतून पुढं आले. जन्मभर तुमची टर उडवण्यात ज्यांनी गिरणीपेक्षा जास्त पीठ पाडलं, तेच. बाभळीकडं बघत ओरडले,

"आरं, दिसला व्हता बाबा तुला! खवल्याच व्हता त्यो! सगळ्या गावादेखत कबूल करून राह्यलो! आता जल्दी उतर खाली, लोकं उपाशी हायेत!"

आणि कावळा उतरला की हो.

लोकांनी डोळे पुसले. दगडूनानांनीही पुसले. मी मात्र कोरडाच उभा. मला ते बिलकुल पटलं नव्हतं. तो एक भुकेला कावळा होता, दुसरं काही नाही. खोटी साक्ष तुम्ही कधी घेतली नाहीत, आणि ते माझ्याइतकं आख्ख्या गावात कुणाला ठाऊक असणार? सगळ्या गावासमोर माझीच एक साक्ष तुम्ही उचलून आपटली होती.

आता तुम्हाला काय सांगायचं, पण तरी सांगतो, कारण दुसऱ्या कुणाला सांगून उपयोग नाही, हे मला आज सकाळी पारावर कळलं.

तुमची ती गोष्ट मी लग्नाच्या मांडवातच ऐकली होती. तुम्ही ऐन विशीत जागलीला, रात्री पिकाची राखण करायला गेल्तात. ओढ्याच्या वळणावर जे मोठं वारूळ आहे, तिथं तुम्हाला एक जनावर दिसलं, खवल्या मांजर. मुंगसासारखं निमुळतं तोंड, अंगभर माशासारखे खवले, शेपूट अंगाइतकंच लांब. आणि ते मागच्या पायांवर चालत होतं, पुढचे दोन्ही हात पोटाशी धरून, थंडीत एखादा म्हातारा चालतो तसं. तुम्ही हातातली काठी आपटली, तर ते गोळा झालं. चेंडूसारखं. सकाळी तुम्ही पारावर हे सांगितलं आणि तुमचं आयुष्य तिथंच संपलं, म्हणजे गंभीर माणूस म्हणून. "मासा जागलीला आल्ता!" पुढं कुणाच्या विहिरीला पाणी लागलं की लोक तुम्हाला विचारायचे, "मासे चालत येतील का पोहत?" माझ्या लग्नातसुद्धा दगडूनाना माझ्या वडलांना म्हणाले, "याहीबुवा, जावयाला अंगठी नका मागू. चालता मासा मागा!" सगळा मांडव हसला. मीही हसलो. तुम्ही माझ्याकडं एकदा बघितलंत, आणि त्या बघण्यात काहीतरी शिजत होतं, एवढं मला जाणवलं. मला वाटलं, अंगठीचा विचार चाललाय.

लग्नानंतरचा पहिला धोंड्याचा महिना आला. जावयाला बोलावायचं, अनारसे वाढायचे, काहीतरी सोन्याचांदीचं द्यायचं, असा आपल्याकडचा रिवाज. परतूरच्या कापडदुकानात मी वार मोजायचो, तिथल्या सगळ्यांना मी आधीच अंगठीचं बोट दाखवून ठेवलं होतं. ताटाखालून तुम्ही एक लांबट पुडकं काढलंत. माझ्या मनात आलं, अंगठीला एवढा मोठा डबा? उघडलं, तर तीन सेलची बॅटरी.

मामी तोंडाला पदर लावून आत गेल्या. सुमन रडवेली झाली. "दादा, जावयाला कुणी बॅटरी देतं का?"

तुम्ही शांतपणे म्हणालात, "अंगठी घालून अंधारात काय दिसतंय?"

त्या रात्री सगळं उघड झालं. तुम्ही मला ओट्यावर बोलावलंत, आणि तुमच्या त्या अदबीच्या आवाजात म्हणालात, "जावईबापू, एक बोलू का? लेकाची साक्ष बापाला चालत न्हाई. भाऊबंदाची तर मुळीच न्हाई. पण जावयाचा शब्द गावात कुणी खाली पडू देत न्हाई. तुम्ही एकदा नजरेनं बघा. मंग पारावर येऊन फकस्त एवढंच म्हणा, की मी बघितला."

म्हणजे मामा, पोरीसाठी स्थळं बघताना तुम्ही साक्षीदार बघत होता! शिक्षण नाही विचारलंत, पगार नाही विचारलात. सुमनला बघायला आलो तेव्हा तुम्ही मला एकच प्रश्न केला होता, "नजर चांगली हाये ना?" मी आपला लाजून "हो" म्हणालो. मला वाटलं, नजर म्हणजे चालचलन.

आता माझ्याबद्दल सांगायचं तर मी परतूरच्या स्टेशनाजवळ वाढलेला, दिव्याखाली. अंधार हा प्रकार मी फक्त पापण्या मिटल्यावर बघितलेला. पण जावई म्हणून छाती काढून निघालो. पांढराशुभ्र टेरिलीनचा शर्ट, केसांना वासाचं तेल आणि लग्नातल्या करकरणाऱ्या चपला. पुढं तुम्ही, तुमच्यामागं तुमचा काळा कुत्रा जमादार आणि शेवटी मी, पालखीसारखा. सदरा चांदण्यात असा चमकत होता की ओढ्यापलीकडच्या रानातून कुणीतरी हाक मारली, "कोण हाये रं तिकडं? बगळा का माणूस?"

तुम्ही थांबलात. माझ्याकडं बघितलंत. ओठ हलले, मिटले. मग खाली वाकून तुम्ही कुत्र्याला म्हणालात, "जमादारा! आरं लाज वाटत न्हाई? असा पांढरा सदरा घालून कुणी रानात येतं? जनावरं काय लग्नाला बलावलीत? आन् त्या तेलाचा वास पार घनसावंगीपतोर चाललाय!"

जमादार काळाकुळकुळीत. त्यानं एकदा स्वतःकडं बघितलं, एकदा माझ्याकडं.

तुमची ती पद्धत मला त्या रात्री कळली. जावयाला बोलायचं नाही, टोकायचं नाही, हसायचं तर त्याहून नाही. मग जे काय असेल ते कुत्र्याच्या खात्यावर. त्या बिचाऱ्या जनावरानं माझ्या वतीनं किती बोलणी खाल्ली! जमादारा, पाय आपटत कामून चालतो? जमादारा, बिडी विझव. जमादारा, तुला शिंक आत्ताच यायची व्हती? पुढं पुढं तर मी चुकलो की तो आपण होऊनच कान पाडायचा.

पण काय रात्री दाखवल्यात, मामा! तुम्ही गेल्यापासून मी रडायला बसतो आणि मला त्या रात्रीच आठवतात, मग रडणं राहून जातं.

बॅटरी हातात धरून काही दिसत नाही, कानशिलाशी धरायची, म्हणजे आपली नजर आणि उजेड एका रेषेत जातात आणि समोरच्या जनावराचे डोळे पेटतात, हे तुम्ही शिकवलंत. म्हणजे जमादाराला शिकवलंत, मी ऐकत होतो. पहिल्यांदा तसं धरलं तेव्हा गाडीवाटेवर दोन लाल निखारे दिसले. मी म्हणालो, "मामा, कुणीतरी बिडी टाकून गेलंय." म्हणालो आणि निखारे उडाले. थेट माझ्या तोंडावरून. तो रातवा पक्षी होता, धुळीत पोट टेकून बसलेला. मी खाली बसलो तो तुमच्या धोतराचा सोगा धरूनच. तुम्ही चालत राहिलात, आणि धोतर माझ्याकडं राहिलं. अंधार होता म्हणून बरं, असं तुम्ही म्हणाला नाहीत. पण जमादाराला म्हणालात.

बांधावरच्या गवतात हिरवे-निळे ठिपके चमकायचे, मला दंव वाटायचं. जवळ जाऊन बघावं तर प्रत्येक ठिपक्यामागं एक कोळी. हिऱ्यांचं दुकान मांडून बसल्यासारखे. शिंदीच्या झाडावर उदमांजर दिसलं, ते खाली येताना आधी शेपूट की आधी डोकं यावर आपण परत येईपर्यंत वाद घातला. तुम्ही म्हणायचात डोकं. मी म्हणायचो, मी शेपूट बघितलं. तुम्ही म्हणालात, "जावईबापू म्हणतात तर शेपूटच असंल," आणि पुढं जमादाराला हळूच, "डोकं, लेका, डोकं." तो वाद अजून मिटलेला नाही. मी अजून शेपटीवरच आहे.

आणि ते साळिंदर! काट्यांचा सळसळाट ऐकून मी जवळच्या झाडावर चढलो. जनावर आडवं आलं की झाडावर चढायचं, एवढं मला माहीत होतं. झाड कुठलं ते बघून चढायचं असतं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ती बाभूळ होती. साळिंदर आपल्या वाटेनं निघून गेलं, त्याच्या अंगावरचा एक काटा हलला नाही, आणि माझ्या अंगात मात्र बाभळीचे काटे मोजायची सोय नव्हती. पहाटे मामींच्या सुईनं तुम्ही एकेक काटा काढलात. चेहरा असा गंभीर की एखादं मोठं ऑपरेशन चाललंय. शेवटचा काटा जिथून निघाला ती जागा मी लिहीत नाही. तो काढून झाल्यावर तुम्ही हात धुतलेत, "आलो हं" म्हणून गोठ्यामागं गेलात, आणि तिकडून किती तरी वेळ बैलाला ठसका लागल्यासारखा आवाज येत राहिला. मामी म्हणाल्या, "बैलाला काय झालं वं?" बैल समोर दावणीला बांधलेला होता.

खवल्या मात्र दिसेना. जमेल तेव्हा शनिवारी दुकान मिटलं की मी परतूरहून आष्टीची गाडी धरायचो, पुढं पायी. दुकानात मला म्हणायचे, "सासुरवाडीचा फारच ओढा!" ओढा होताच. वळणावरचा, वारुळापाशीचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर दगडूनाना तर म्हणायला लागले, "आरं, मुंग्याबी गाव सोडून गेल्या, तुझा मासा काय हवा खाऊन राह्यलाय?" तरी वारुळाच्या वरच्या बाजूला, वाऱ्याच्या उलट दिशेला, आपण घोंगडं टाकून बसायचो. तुम्ही इतके स्तब्ध बसायचात की एकदा एक पिंगळा तुमच्या पागोट्यावर उतरायला बघत होता. मी टाळी वाजवली नसती तर उतरलाही असता. टाळी मी आनंदानं वाजवली होती. जमादारानं त्याबद्दल फार ऐकून घेतलं.

मग ती हुरड्याच्या दिवसांतली रात्र. ती आठवली की मला स्वतःचे कान धरावेसे वाटतात आणि हसूही आवरत नाही.

त्या रात्री मी इतका हुरडा खाल्ला, की मामा, ज्वारीच्या राखणीला पाखरांऐवजी माझ्यावरच माणूस ठेवायला हवा होता. घोंगडीत शिरलो. बॅटरी उशाखाली घेतली, हाताशी असावी म्हणून. आणि डोळा लागला. सकाळी उठलो तर तुम्ही वारुळाकडं तोंड करून तसेच बसलेले, चेहरा राखेसारखा.

"काय झालं, मामा?"

"आल्ता," तुम्ही म्हणालात.

"कोण आल्ता?"

तुम्ही हातानं वारूळ दाखवलंत. एका अंगानं खरवडून ताजं भोक पाडलेलं.

"मग मला उठवलं का नाही?"

"उठवलं की. 'अहो जावईबापू' म्हणालो. दोनदा म्हणालो."

"जोरात म्हणायचं!"

"जोरात? जावयाला?" तुम्हाला खरोखरच धक्का बसला होता. "झोपलेल्या जावयाला हलवून उठवायचं? लोकं काय म्हणतील?"

"इथं लोक कुठं होते मामा? आणि बॅटरी? बॅटरी तरी घ्यायची!"

"तुमच्या डोक्याखाली व्हती."

जन्मभर ज्याची वाट बघितली ते जनावर चार हातांवर खरखर करत होतं. चंद्र मावळलेला. उजेड माझ्या उशाखाली, साक्षीदार घोरत, आणि तुम्ही आपले हात जोडल्यासारखे बसून हलक्या आवाजात "अहो जावईबापू" म्हणताय! जमादार कुठं होता? जमादार माझ्या पांघरुणात. तोही हुरडा खाऊन.

मला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं, की मी एक निर्णय घेतला. माझे निर्णय तुम्हाला ठाऊकच आहेत. तुम्ही बैलांना पाणी पाजायला गेलात तेवढ्यात मी तडक पारावर गेलो आणि आख्ख्या गावाला म्हणालो, "मी बघितला. खवल्या. काल रात्री, या डोळ्यांनी."

दगडूनानांच्या तोंडातली तंबाखू तशीच राहिली. जावयाचा शब्द! तुमचा हिशोब बराबर होता, मामा. लोक मानायलाच निघाले होते. तेवढ्यावर थांबलो असतो तर! पण मला कापड विकायची सवय, मापापेक्षा वीतभर जास्त द्यायची. "खवले कसे, तर चांदीच्या रुपयासारखे," मी म्हणालो. "डोळे असे, की मोटारीचे दिवे. मिशा ह्या एवढ्या. आणि माझ्याकडं बघून त्यानं मान हलवली."

नाना पुटपुटले, "म्हंजे खरंच…"

आणि गर्दीच्या मागून तुमचा आवाज आला. "जावई घोरत व्हते."

एवढंच. तीन शब्द. हसण्यानं पारावरच्या पिंपळाची पानं हलली असतील. माझं तोंड सुजल्यासारखं झालं. एका वाक्यात तुम्ही माझा शब्द घालवलात, आणि स्वतःचाही, कायमचा. आता जावयाचीही साक्ष गेली. मला राग आला होता, आज सांगतो. एवढ्या रात्री पायपीट केली, काटे काढून घेतले, आणि हातातोंडाशी आलेलं तुम्ही उधळून दिलंत!

घरी जाताना तुम्ही विहिरीपाशी थांबलात आणि खाली वाकलात.

"जमादारा, तुला खोटी साक्ष द्यायला कुणी सांगितलं व्हतं?"

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "मामा, जमादाराला तुमचं हसं बघवत नव्हतं."

तुम्ही कुत्र्याकडंच बघत होता. "लोकं हसतात त्याचं काय न्हाई रं. हसू दे. पण इतकी वर्षं सगळं गाव 'न्हाई' म्हणून राह्यलं, की मंग माणसाला सोताच्याच डोळ्यांची शंका येती. रात्री पडलो की वाटतं, खरंच दिसला व्हता का? का नुसतं उसाच्या पाचटात कायतरी हाललं? मला कुणी 'दिसला' म्हणायला नको हाये, जमादारा. मला खरंच दिसला व्हता का, एवढं कळाया पाह्यजे. कुणीतरी दुसऱ्यानं बघावं, आन् मी न सांगितलेली एखादी गोष्ट त्यानं मला सांगावी. मंग मी मरायला मोकळा."

"आणि काल रात्री?" मी, म्हणजे जमादार, म्हणालो.

"अंधार व्हता. खरखर ऐकली. एक काळं कायतरी. साळिंदरबी असंल." तुम्ही उठलात. "कुत्र्याला कसं कळणार म्हणा."

जमादाराच्या वतीनं मी माफी मागितली. तुम्ही जमादाराला माफ केलंत. दुपारी जेवायला बसलो तेव्हा माझ्या ताटात तूप नेहमीपेक्षा जास्त होतं.

त्यानंतरही आपण जात राहिलो, पण तुम्ही "आज दिसंल" म्हणणं सोडून दिलंत. नुसतं फिरायचो. मला वाटतं, तेच दिवस सगळ्यात छान होते. कोल्हा, ससे, वडाच्या ढोलीतलं ते घुबडाचं जोडपं, ज्यातल्या नराला तुम्ही मेहुण्याचं नाव ठेवलं होतं. चालता चालता मी दुकानातल्या गमती सांगायचो आणि तुम्ही अंधारात हसायचात, तोंड दिसत नसल्यामुळं मोकळेपणानं.

आणि एक गोष्ट, जिच्यासाठी मी तुमचा जन्मभर ऋणी आहे. तुम्ही आजारी पडलात, बाजेवर होता. मी भेटायला आलो. तुमच्या उशाशी बसताना मी नेमका तुमच्या चष्म्यावर बसलो. काच फुटल्याचा आवाज झाला. तुम्ही सवयीनं खाली बघितलंत, जमादारासाठी. जमादार शेतावर गेलेला. तुम्ही इकडं बघितलंत, तिकडं बघितलंत. खोलीत दुसरं कुणीच नाही. मग थेट माझ्या डोळ्यांत बघून म्हणालात,

"येडा हाये का रं तू?"

मामा, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! मी इतका खूश झालो की स्वयंपाकघरात जाऊन मामींना सांगितलं, सुमनला सांगितलं, परतूरला दुकानात सांगितलं. "सासरे मला येडा म्हणाले!" दुकानातले म्हणाले, "अभिनंदन." त्यांना काय कळणार! त्या दिवशी मी पाहुणा राहिलो नाही, तुमच्या घरातला झालो.

तर मामा, कावळा शिवला त्या रात्री मला काही झोप लागेना. जेवणावळीनं थकून सगळे आडवे झाले होते. बॅटरीत नवे सेल घातले. करडा सदरा घातला. बिनतेलाचं डोकं. चपला हातात. जमादार बाजेखालून उठला आणि पुढं झाला, तुमच्या जागी. मी आयुष्यात पहिल्यांदा अंधारात एकटा निघालो होतो. वाटेत मीच माझ्याशी तुमच्या आवाजात बोलत होतो. जमादारा, भिऊ नको. जमादारा, दात वाजवू नको.

बाजरी निघालेली, ज्वारी गुडघ्याएवढी. वळणावर घोंगडं टाकलं आणि बसलो. ना शिंक, ना बिडी, ना टाळी. मी स्तब्ध बसू शकतो, हे मला माहीतच नव्हतं. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग खरखर.

बॅटरी हळूच कानशिलाशी नेली आणि बटण दाबलं.

मामा, तो होता. वारुळात निम्मा शिरलेला, शेपूट बाहेर. उजेडानं बाहेर आला आणि वळला. मागच्या दोन पायांवर. हात पोटाशी. बराबर तुम्ही सांगितलेला म्हातारा. मोटारीच्या दिव्यांसारखे डोळे नव्हते, दोन बारीक मण्यांएवढे होते, आणि मिशा तर नव्हत्याच, त्याबद्दल मी त्याची मनातल्या मनात माफी मागितली. जमादार पुढं झाला, वास घ्यायला, आणि तो गोळा झाला. जमादारानं त्या गोळ्याभोवती एक फेरी मारली, माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे त्याच्याशेजारी बसून राहिला. आम्ही तिघं तसेच बसलो. मी "अहो" म्हणालो का? म्हणालो असेन. पाहुण्याशी अदबीनं बोलायची सवय तुम्हीच लावलीत.

मग तो उलगडला, आणि निघाला. आणि ऐका, ही तुम्ही कधीच न सांगितलेली गोष्ट. चालताना त्याची पुढची नखं इतकी लांब असतात की तो ती आत दुमडून धरतो, मुठीत काहीतरी जपून न्यावं तशी. म्हणून त्याचे हात पोटाशी असतात. थंडी नाही, म्हातारपण नाही. नखं. तुम्हाला लांबून, चांदण्यात, हे दिसणं शक्यच नव्हतं.

सकाळी मी पारावर गेलो. मापात बोललो, वीतभरही जास्त नाही. दगडूनानांनी ऐकून घेतलं, तंबाखू थुंकली आणि म्हणाले, "घ्या! सासऱ्याचा मासा जावयाच्या अंगात आला!"

"नाना, दहाव्याला तुम्हीच तर कबूल केलं होतं," मी म्हणालो.

"आरं, ते भुकेनं!"

काय हसले सगळे, मामा. आणि तुम्हाला म्हणून सांगतो, मी त्या हसण्यात उभा राहिलो तर मला इतकं बरं वाटलं! रान रंगनाथाला गेलं, तसंच व्हायला हवं. घर मामींचं. जावयाला काय, असं सगळे मनात म्हणत होते. जावयाला हे मिळालं. तुमचं हसं, अख्खंच्या अख्खं. आजपासून चालत्या माशाचा मालक मी.

घरी येऊन सुमनला सांगितलं. म्हणालो, "मला आता साक्षीदार पाहिजे. जावईच लागेल. आणि आपली बेबी तर दुसरीत."

सुमन भाकरी थापत होती. म्हणाली, "तोवर तो खवल्या म्हातारा होईल. आज रात्री मी येते." आणि मग तव्याकडंच बघत, "दादांनी मला कधी नेलं नाही. मला हाक मारून उठवायला त्यांना लाज वाटली नसती."

हे तुमच्या आणि माझ्या दोघांच्याही डोक्यात कधी आलं नाही बघा. जमादार तर तिथंच बसला होता. कुणीतरी त्याला बोलायला हवं होतं.

आज रात्री ती येईल, बघेल की नाही, माहीत नाही. पण ते नंतरचं. तुमचं काम झालंय. तुमचे डोळे बराबर होते, मामा. विशीतही बराबर होते आणि हुरड्याच्या रात्री, उजेडाशिवायही बराबर होते. उसाचं पाचट नव्हतं ते. साळिंदर नव्हतं. ही माझी साक्ष, आणि ही तुम्ही मोडू शकणार नाही.

या वेळी मी जागा होतो.